मदत हवी आहे: क्वेस्ट ३ मध्ये साधे पीसी गेम (झटके, पुसट अक्षरं, थ्रीडी)

तळमजला_चार:
नमस्कार मंडळी. व्हीआरसाठी बनवलेले गेम नकोत. पीसीवर असलेले साधेच गेम हेडसेटमध्ये मोठ्या पडद्यावर, जमलं तर थ्रीडीत खेळायचे आहेत.

सामान: मेटा क्वेस्ट ३ (व्हीआर हेडसेट), आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (१२ जीबी), १६ जीबी रॅम, विंडोज ११, १०८०पी ७५ हर्ट्झ मॉनिटर, एक्सबॉक्सचा कंट्रोलर. पीसी राउटरला लॅन केबलने जोडलेला, राउटर वाय-फाय ६ चा. हेडसेट राउटरपासून ३ मीटरवर, मध्ये भिंत नाही. व्हर्च्युअल डेस्कटॉप (पीसीचा पडदा हेडसेटमध्ये दाखवणारं ॲप) विकत घेतलं आहे.

१. कॅमेरा सावकाश फिरवला की ठरावीक लयीत झटके बसतात. मॉनिटरवर तोच गेम बघितला तर काही नाही.
२. बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) वाढवला की चित्राचे चौकोन पडतात, मध्येच अर्धा सेकंद गोठतं. हेडसेटमध्ये वाय-फाय १२०० एमबीपीएस दाखवतंय, म्हणजे नेटवर्क ठीक असावं.
३. सबटायटल आणि मेनूतली बारीक अक्षरं वाचवत नाहीत. ४के मॉनिटर घेतल्यास फरक पडेल का?
४. थ्रीडीसाठी व्हॉर्पएक्स, यूईव्हीआर, रीशेड अशी नावं वाचली. कुठलं कशाला लागतं?

गेम: स्ट्रे, हॉगवर्ट्स लेगसी, फोर्झा होरायझन ५, रेसिडेंट ईव्हल २ (नवा) आणि व्हॅलोरंट.

उलटाचष्मा:
पहिल्याचं उत्तर तुमच्याच यादीत आहे. मॉनिटर ७५ चा. हेडसेट बहुतेक ७२ वर चालतोय, बघून खात्री करा. पीसी सेकंदाला ७५ चित्रं पाठवतो, हेडसेट ७२ दाखवतो, तीन टाकून द्यावी लागतात. म्हणजे सेकंदाला तीन झटके. मोजून बघा, लय जुळेल.

६० चा मॉनिटर असता तरी सुटका नव्हती. ७२ वर ६० बसवायचे तर दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं, ९० वर एक चित्र एकदा आणि पुढचं दोनदा. फक्त १२० वर ६० चा हिशेब नीट बसतो, प्रत्येक चित्र दोनदा.

दोन मार्ग आहेत. एक, विंडोजमध्ये मॉनिटर ६० वर आणा, हेडसेट १२० वर, गेमची फ्रेम मर्यादा ६०. बॅटरी जरा लवकर उतरते. दुसरा, आणि मी हाच सुचवेन: एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये चेंज रेझोल्यूशन, मग कस्टमाइझ, तिथे १९२० × १०८० ला ७२ हर्ट्झ असा नवा मोड बनवा. ७५ चा मॉनिटर ७२ सहसा मुकाट्याने घेतो. हेडसेट ७२, गेमची मर्यादा ७२, व्ही-सिंक चालू. दोन्हीकडची घड्याळं तंतोतंत एक नसतात, म्हणून अधूनमधून एखादा झटका राहील. सेकंदाला तीन मात्र जातील.

गुगलीवाला:
व्हर्च्युअल डेस्कटॉपला पैसे कशाला घातले? तेच काम करणारं स्टीम लिंक क्वेस्टवर २०२३ पासून फुकट आहे.

उलटाचष्मा:
@गुगलीवाला, चालतं की. पण त्यात साधा गेमसुद्धा स्टीमव्हीआरच्या (स्टीमच्या व्हीआर यंत्रणेच्या) थिएटरमध्ये उघडतो, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर स्टीमव्हीआरचंही ओझं. ३०६० वर ते जाणवतं. शिवाय घेऊन झालंय त्यांचं.

क्रिंपिंग_टूल:
दुसऱ्या मुद्द्याबद्दल. तो १२०० चा आकडा हेडसेट ते राउटर एवढाच आहे. राउटर ते पीसी या टप्प्याबद्दल तो काहीच सांगत नाही आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट उघडा. लिंक स्पीड १०००/१००० हवा. १००/१०० दिसला तर चोर सापडला. मग केबलचं प्लग उजेडात धरा. प्लॅस्टिक पारदर्शक असतं, आतल्या तारा मोजता येतात. आठ हव्यात. केबलवाल्याने इंटरनेटपुरती क्रिंप करून दिलेल्या केबलमध्ये पुष्कळदा चारच असतात: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, हिरवी. चार तारांवर १०० एमबीपीएसच्या पुढे जाता येत नाही, प्रत्यक्षात ९५ च्या आसपास.

तुमचा बिटरेट समजा ८० आहे. ९५ च्या आत आहे, मग गोठतं का? कारण डेटा नळाच्या धारेसारखा येत नाही, दर चित्रामागे एक लोंढा येतो. ८० एमबीपीएस भागिले ७२ म्हणजे एका चित्राचा सरासरी १.१ मेगाबिट. तो ९५ च्या पाइपातून जायला जवळपास १२ मिलिसेकंद घेतो आणि पुढचं चित्र १४ मिलिसेकंदांनी दारात हजर. एखादं चित्र नेहमीपेक्षा मोठं निघालं, स्फोट झाला, कॅमेरा गर्रकन फिरला, की रांग लागते आणि ते चौकोन दिसतात. गिगाबिटवर तेच चित्र सव्वा मिलिसेकंदात जातं.

केबलमध्ये आठ तारा असूनही १०० दाखवत असेल तर राउटरचं पोर्ट तपासा. ड्युअल बँड म्हणून विकलेल्या कितीतरी स्वस्त राउटरांची लॅन पोर्टं १०० चीच असतात. खोक्यावर 'गिगाबिट' लिहिलं नसेल तर नाहीच असं धरा.

वाय-फायचं हेडसेटसाठी वेगळं नाव ठेवा, ५ गिगाहर्ट्झ, रुंदी ८० मेगाहर्ट्झ, चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला. ५२ ते १४४ टाळा. तिथे रडार आढळलं की राउटरला नियमाने चॅनेल सोडावं लागतं आणि खेळ मध्येच तुटतो.

तळमजला_चार:
१००/१०० च दाखवतंय. प्लगमध्ये चार तारा! दोन केशरी, दोन हिरव्या, शब्दशः. कॅट ६ ची तयार केबल आणतो. ७२ चा मोड बनवला, झटके गेले. अक्षरांचं काय?

पाव_डिग्री:
४के मॉनिटर घेऊ नका, निदान यासाठी तरी नको.

क्वेस्ट ३ मध्ये एका अंशाला साधारण २५ पिक्सेल मिळतात. निरोगी डोळ्याला अंशाला ६० पर्यंतचा तपशील कळतो. तुमचा पडदा डोळ्यासमोर ६० अंश रुंद असेल तर त्यावर खरे पिक्सेल पडतात ६० गुणिले २५, म्हणजे १५००. १९२० चं चित्र १५०० मध्ये कोंबलं की पहिली बारीक अक्षरं मरतात. ४के पाठवलं तरी जागा १५०० चीच.

१०८०पी पूर्ण उतरायला पडदा ७७ अंशांचा लागतो. अडीच मीटरवर पडदा ठेवला तर ६० अंशांसाठी रुंदी २.९ मीटर, ७५ साठी ३.८. पण ७५ ला कोपऱ्यातलं बघायला मान वळवावी लागते, नकाशा आणि गोळ्यांचा आकडा नेमके तिथेच असतात. ६५ ते ७० वर थांबा आणि पडदा थोडा वक्र करा. गेममध्ये सबटायटल सर्वांत मोठी, एचयूडी (पडद्यावरचे आकडे, नकाशा) मोठा करता येत असेल तर तोही. उरलेलं काम एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधलं डीएसआर १.७८× करेल: गेम २५६० × १४४० ला चालतो, कडा कमी चमचमतात. मात्र डीएसआर चालू असताना कस्टम रेझोल्यूशन काही वेळा बनवता येत नाही. दोन्हींचं भांडण झालं तर डीएसआर सोडा, ७२ ठेवा.

त्याआधी हेडसेट नीट बसलाय का बघा. पुढचा भाग गालांवर टेकून खाली लोंबत असेल तर सगळंच पुसट दिसणार. मागचा पट्टा कवटीच्या खालच्या उंचवट्याखाली घ्या, वरचा पट्टा ओढा, मग पडदा बघत हेडसेट दोन-तीन मिलिमीटर वर-खाली करा. अक्षरं अचानक उघडतात ती जागा सापडेल. त्यानंतर आयपीडीचं (दोन बाहुल्यांमधल्या अंतराचं) चाक फिरवा.

आणि खेळून झाल्यावर खिडकीपाशी ठेवू नका. लेन्समधून ऊन आत गेलं की काही मिनिटांत पडद्यावर कायमचा डाग पडतो, त्याला दुरुस्ती नाही.

निळी_वायर:
आता थ्रीडी. सगळ्याला लागू पडणारं एक औषध नाही, गेम कुठल्या इंजिनवर आहे त्यावर ठरतं.

स्ट्रे आणि हॉगवर्ट्स दोन्ही अनरियल ४, म्हणजे यूईव्हीआर. प्रेडॉग या डेव्हलपरचं, फुकट, जानेवारी २०२४ मध्ये खुलं झालं. ते चित्राला नुसती खोली देत नाही, इंजिनकडून दोन्ही डोळ्यांसाठी वेगळं चित्र काढून घेतं आणि मान फिरवली की कॅमेरा फिरतो. रेसिडेंट ईव्हल २ साठी त्याच डेव्हलपरचं आरईफ्रेमवर्क आहे, त्याच्या फायली गेमच्या फोल्डरात टाकायच्या. फोर्झाचं इंजिन त्यांचं स्वतःचं, यूईव्हीआर तिथे निरुपयोगी. वक्र पडद्यावरच खेळा. गाडीत बसल्याचा खरा अनुभव हवा असेल तर डर्ट रॅली २.० मध्ये व्हीआर मुळातच आहे.

व्हॅलोरंटमध्ये यातलं काहीही घुसवू नका. तोही अनरियलच, पण हे सगळे मोड चालू गेममध्ये स्वतःचा कोड टाकतात आणि अँटीचीट नेमकं तेच शोधत असतं. खातं जाईल. नुसता डेस्कटॉप पडदा चालेल, पण वायरलेसची दिरंगाई आहेच, त्यामुळे नेमबाजीत मार खाल.

स्ट्रेपासून सुरुवात करा, तो हलका आहे:

१. व्हर्च्युअल डेस्कटॉप स्ट्रीमरच्या पर्यायांत ओपनएक्सआर रनटाइम (गेम आणि हेडसेट जोडणारा दुवा) म्हणून व्हीडीएक्सआर निवडा. मग स्टीमव्हीआर लागत नाही.
२. कोडेक (चित्र दाबून पाठवायची पद्धत) एचईव्हीसी १० बिट. क्वेस्ट ३ ला एव्ही१ उलगडता येतं, पण ३०६० ला बनवता येत नाही, त्यामागे लागू नका.
३. गेममध्ये बॉर्डरलेस विंडो, मोशन ब्लर बंद, एचडीआर बंद, फ्रेम मर्यादा काढा (७२ ची मर्यादा नुसत्या पडद्यावर खेळताना).
४. हेडसेट जोडा, गेम सुरू करून मेनूपर्यंत या. मग इंजेक्टर (यूईव्हीआरला गेममध्ये घुसवणारा प्रोग्रॅम) उघडा. गेम ॲडमिन म्हणून चालत असेल तर इंजेक्टरही ॲडमिन म्हणूनच.
५. ओपनएक्सआर निवडा, 'नलिफाय व्हीआर प्लगिन्स' वर खूण, यादीतून नावाच्या शेवटी 'विन६४-शिपिंग' असलेली प्रोसेस घ्या, इंजेक्ट.
६. कीबोर्डवर इन्सर्ट, किंवा कंट्रोलरच्या दोन्ही काड्या एकदम आत दाबल्या की यूईव्हीआरचा मेनू येतो.

रेंडरिंग मेथड आधी नेटिव्ह स्टिरिओ. सावली किंवा पाणी एकाच डोळ्यात दिसलं, किंवा गेम कोसळला, तर सिंक्रोनाइझ्ड सिक्वेन्शियल. त्यात हलणाऱ्या वस्तूंमागे पुसट शेपूट राहिलं तर 'घोस्टिंग फिक्स'. आल्टर्नेटिंगच्या वाटेला जाऊ नका, एकेका डोळ्याला आळीपाळीने जुनं चित्र मिळतं आणि दहा मिनिटांत मळमळतं.

'डीकपल्ड पिच' चालू हवं. नाहीतर काडीने वर बघितलं की अख्खी जमीनच तिरपी होते. पोट बिघडायचं हे सगळ्यात मोठं कारण.

हॉगवर्ट्सला ३०६० वर सगळं लो-मीडियम, रे ट्रेसिंग बंद, डीएलएसएस परफॉर्मन्स. तरी ७२ टिकणार नाहीत. व्हर्च्युअल डेस्कटॉपमधलं एसएसडब्ल्यू ऑटोवर ठेवा: पीसी ३६ काढतो, मधली चित्रं हेडसेट स्वतः रचतो. पात्राच्या कडा थोड्या पाण्यासारख्या हलतात, चालवून घ्या. रॅम १६ च आहे, ब्राउझर बंद करूनच बसा.

गुगलीवाला:
विंडोजचा डिफेंडर इंजेक्टरला व्हायरस म्हणतो, तेही सांगा की.

निळी_वायर:
हो, म्हणतो. दुसऱ्या प्रोसेसमध्ये शिरणारी फाइल त्याला संशयास्पद वाटणारच. गिटहबवरच्या मूळ पानावरूनच उतरवा आणि तेवढ्या एका फोल्डरला सूट द्या, अख्खा डिफेंडर बंद करू नका.

पाव_डिग्री:
रीशेड राहिलं. सुपरडेप्थ३डी नावाचा शेडर खोलीच्या नकाशावरून (कुठली वस्तू किती लांब या नोंदीवरून) दुसऱ्या डोळ्याचं चित्र अंदाजाने रचतो. ग्राफिक्स कार्डावर ओझं कमी, पण पात्राच्या कडेला हॅलो येतो, कारण पात्रामागे दडलेलं दृश्य त्याच्याकडे नसतंच. शिवाय साध्या रीशेडमध्ये नेटवर्कची हालचाल दिसली की खोलीचा नकाशा बंद होतो, म्हणून ऑनलाइन गेममध्ये अचानक सपाट होतं. हाफ साइड बाय साइडमध्ये (दोन्ही डोळ्यांची चित्रं एकाच पडद्यावर शेजारी) प्रत्येक डोळ्याला १९२० ऐवजी ९६०, म्हणजे अक्षरांचं दुखणं पुन्हा दारात. व्हॉर्पएक्स सशुल्क आहे. तुमच्या यादीत त्याच्यावाचून अडावं असं काही दिसत नाही, उगाच पैसे घालू नका.

तळमजला_चार:
नवी केबल लावली, १०००/१०००, चौकोन गेले. स्ट्रे यूईव्हीआरमध्ये चालू झाला, गेममधलं मांजर समोर हात लावण्याइतकं जवळ. दोन अडचणी. मध्येच कंट्रोलर मरतो, हेडसेट काढून माउस क्लिक केला की जिवंत होतो. आणि मेनू नाकाला चिकटल्यासारखा दिसतो, डोळे ताणतात.

निळी_वायर:
कंट्रोलर मरत नाही, विंडोचा फोकस जातो. एखादी सूचना किंवा स्टीमची खिडकी वर आली की गेम ऐकणं बंद करतो. विंडोजमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि इंजेक्टरमध्ये 'फोकस गेम ऑन इंजेक्शन' वर खूण करा. तरी झालं तर हेडसेट न काढता आल्ट-टॅब.

मेनूसाठी यूईव्हीआरच्या मेनूत 'यूआय डिस्टन्स' वाढवा, त्याच प्रमाणात 'यूआय साइझ' सुद्धा, नाहीतर लांब जाऊन बारीक होईल. डोळ्यांचा ताण गेला की थांबा. मांजर वाघाएवढं वाटत असेल तर 'वर्ल्ड स्केल' ०.१ च्या पायरीने हलवून बघा. सेटिंग्ज त्या गेमच्या नावाने साठतात, पुढच्या वेळी पुन्हा करावं लागत नाही.

तळमजला_चार:
वाघाएवढंच वाटत होतं! बघतो.