'डिस्टोपिया'ला आणि 'प्रिमाइस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: व्हेरॉनिका रॉथ यांच्या 'डायव्हर्जंट' (२०११) या कुमारवयीनांसाठीच्या कादंबरीवर लिहितेय. कल्पना दमदार आहे, कादंबरी तिला पुरी पडत नाही. 'प्रिमाइस'ला गृहीतक म्हणू की कथाबीज? आणि डिस्टोपियासाठी, म्हणजे जिथे जगणंच जाचक झालंय अशा कल्पित समाजासाठी, 'दुःस्वप्ननगरी' चालेल?

प्रतिसाद: दुःस्वप्ननगरी नको. स्वप्नातून जाग येते, ही माणसं तर टक्क जागी असतात. ग्रीक 'डिस्' आणि आपला 'दुस्' ही भावंडंच, 'टोपॉस' म्हणजे जागा. मी 'दुर्लोक' लिहीन. दुर्गती, दुर्दशा यांच्या पंगतीत शोभतो.

प्रतिसाद: गृहीतक आणि कथाबीज दोन्ही लागतील, अर्थ वेगळे आहेत. गृहीतक म्हणजे वाचकानं आधी मान्य करायची अट. इथे ती अशी: कादंबरीतलं जुनं युद्ध कुठल्या दुर्गुणामुळे झालं यावर एकमत होईना, म्हणून शिकागोत पाच गट पडले: भित्रेपणाला दोष देणारे शूर झाले, अज्ञानाला दोष देणारे ज्ञानी, तसेच सत्यवादी, निःस्वार्थी आणि स्नेहशील. सोळाव्या वर्षी प्रत्येकानं गट निवडायचा. ही अट मी आनंदानं मान्य केली. त्यातलं कथाबीज असं की मुलीला आईवडिलांचा सद्गुणच नाकारून घर सोडावं लागतं. किती कसदार बीज! पण पुढची पानंच्या पानं शूरांच्या प्रशिक्षणात जातात, मारामाऱ्या आणि धावत्या आगगाडीतून उड्या. एकाच माणसात दोन-तीन गुण असणं, जे आपल्या सगळ्यांचंच आहे, ते इथे दुर्मीळ का? तिसऱ्या भागात (२०१३) याचं उत्तर जनुकांवर सोपवलंय. प्रश्न नीतीचा, उत्तर प्रयोगशाळेतलं. मला फार हळहळ वाटली. तुम्ही 'बीज कसदार, मशागत अपुरी' असं लिहा.

प्रश्न: मशागत घेतेच! 'फॅक्शनलेस', म्हणजे कुठल्याच गटात नसलेल्या लोकांसाठी मी 'बहिष्कृत' लिहिलंय.

प्रतिसाद: तो शब्द बदलाच. आपल्याकडे त्यामागे जन्मानं लादलेला बहिष्कार आहे. १९२७ साली बाबासाहेबांनी पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिलं, तेव्हापासून तर त्याचं वजन आणखी वाढलं. कादंबरीतले हे लोक बहुतेक गटाच्या प्रशिक्षणात नापास झालेले. साधं 'गटाबाहेरचे' म्हणा. त्यांच्याबद्दल मात्र परिच्छेदभर लिहाच. पहिल्या भागात त्यांच्यातला एक जण भुकेनं नायिकेचा हात धरतो, ती त्याला सुकवलेल्या सफरचंदाच्या फोडी देते, आणि कथा त्याला तिथेच सोडून पुढे जाते.