लघुपटातील जवळिकीच्या दृश्यासाठी कलावंतांची संमती कशी घ्यावी?

प्रश्न : विद्यार्थिनी दिग्दर्शिका, सिंदेवाही तालुका

नमस्कार. पदवीच्या शेवटच्या वर्षासाठी आम्ही सहा जण वीस मिनिटांचा लघुपट करीत आहोत. मजुरीसाठी परराज्यात गेलेला नवरा आठ महिन्यांनी धानकापणीच्या वेळी घरी येतो आणि त्या रात्री नवराबायको एकमेकांना पुन्हा ओळखू पाहतात, असे कथानक आहे. त्यात एक मिठी आणि एक चुंबन आहे. नायिका झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत काम करणाऱ्या एक ताई आहेत, तर नायक आमच्याच वर्गातला आहे. दोघांनीही फोनवर होकार दिला आहे, तरी माझे मन स्वस्थ नाही. गेल्या वर्षी मी स्वतः एका लघुपटात अभिनय करीत असताना दिग्दर्शकाने संहितेत नसलेली जवळीक ऐन टेकच्या वेळी करायला सांगितली. सगळे खोळंबलेले पाहून नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आणि तो शॉट आज कोणाकोणाच्या लॅपटॉपमध्ये आहे हे मला ठाऊक नाही. माझ्या सेटवर असे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. शूटिंग गावातल्या घरात आहे आणि सपरीत (पडवीत) बघ्यांची गर्दी होणारच. काय काय काळजी घ्यावी?

उत्तर : सहायक दिग्दर्शिका, नागपूर

गेल्या वर्षी जे घडले त्यात आपला काहीही दोष नव्हता, हे आधी सांगते.

फोनवरचा होकार भूमिकेला मिळालेला आहे, दृश्याला नव्हे. ‘दोघे जवळ येतात’ असे मोघम न लिहिता, तो उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवतो, ती कपाळ त्याच्या गळ्याशी टेकवते, दोघे तीन मोजेपर्यंत थांबतात, इतक्या तपशिलाने प्रत्येक कृती कागदावर उतरवा. तो कागद दोघांना वेगवेगळे बसवून दाखवा आणि दिग्दर्शिका या नात्याने आपण स्वतः तेथे बसू नका, कारण आपल्यासमोर नकार देणे त्यांना जड जाईल. मारामारीचे दृश्य जसे हालचाली मोजून बसवतात तसेच हेही नेहमीच्या कपड्यांत बसवा, आणि ठरल्यापेक्षा वेगळे काही सुचले तर शूटिंग थांबवून पुन्हा विचारा. टेक सुरू असतानाही दोघांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हटले की कॅमेरा बंद झाला पाहिजे, आणि त्याचे कारण विचारण्याचा हक्क कोणालाच नसावा.

जवळिकीची दृश्ये कलावंतांच्या संमतीने बसवून देण्यासाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर नावाचे स्वतंत्र काम आता रूढ झाले आहे. अमेरिकेत एचबीओ या दूरचित्रवाणी वाहिनीने २०१८ मध्ये आपल्या सर्व मालिकांतील अशा दृश्यांसाठी ते अनिवार्य केले आणि आपल्याकडेही प्रशिक्षित व्यक्ती काम करू लागल्या आहेत. विद्यार्थ्यांना ते परवडणार नाही. एखाद्या विश्वासू मैत्रिणीकडे त्या दिवशी हेच एक काम द्या, पण ती प्रशिक्षित नाही हे लक्षात ठेवून दृश्यच साधे ठेवा. चुंबन खरोखर व्हायलाच हवे का? कॅमेरा नायकाच्या डोक्यामागे ठेवला तर ओठांना ओठ लागण्याची गरज उरत नाही. दूरवरून लांब फोकल लेंग्थच्या लेन्सने टिपले तर दोघांमधले अंतरही पडद्यावर कमी भासते.

उत्तर : झाडीपट्टी रंगभूमीवरील अभिनेत्री, वडसा

रंगमंचावर हजार माणसांसमोर मी नायकाचा हात धरते, पण पडदा पडला की तो प्रवेश संपतो. कॅमेऱ्यातला प्रवेश संपत नाही. त्यातला दहा सेकंदांचा तुकडा माझ्या गावातल्या फोनवर फिरू लागला, तर त्याच्या मागचीपुढची कथा कोणी विचारत नाही. म्हणून लघुपट परीक्षेपुरता आहे, महोत्सवाला जाणार की यूट्यूबवर टाकणार, हे त्या ताईंना आधीच सांगा. कच्चे चित्रण एकाच हार्ड डिस्कवर ठेवा आणि सेटवर सगळ्यांचे फोन एका पिशवीत जमा करा. त्यांच्या घरी परस्पर काही कळवू नका. कोणाला काय सांगायचे ते त्यांचे त्या ठरवतील. घरमालकाला मात्र कोणते दृश्य आहे ते स्पष्ट सांगावे, म्हणजे आतली खोली आणि दार त्यांनाच सांभाळता येते.

आणखी एक गोष्ट. धान कापणीला येतो तेव्हाच आमचा हंगाम सुरू होतो आणि नाटके रात्रभर चालतात. जागरण झालेल्या बाईने पहाटे दिलेला होकार खरा धरू नये. रात्रीचे शूटिंग असेल तर परतीची गाडी आधी ठरवा, आपल्या भागात वाघाची भीतीही आहेच.

उत्तर : जनसंवाद विषयाचा प्राध्यापक, चंद्रपूर जिल्हा

बारावीनंतर लगेच आलेले काही विद्यार्थी सतराच वर्षांचे असतात, त्यामुळे जन्मतारीख कागदावर पाहूनच भूमिका द्यावी. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या संमतीने अशा दृश्याची परवानगी मिळत नाही. तसेच, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार एखाद्या स्त्रीने खासगी कृतीच्या चित्रणाला संमती दिली असली, तरी तिसऱ्याला दाखवायला दिलेली नसेल, तर ते पसरवणे गुन्हा आहे. म्हणून दोन्ही संमती वेगळ्या लिहून घ्याव्यात. आपला तो शॉट काढून टाकण्याचीही आपण लेखी मागणी करू शकता, आणि ती डावलली गेली तर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येईल.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. चुंबन काढून टाकले आहे. मिठीच्या जागी दुसरा प्रसंगही लिहून ठेवला आहे : ती त्याच्या ताटात भात वाढते, तो तिच्या हाताला पडलेले विळ्याचे घट्टे पाहतो आणि ती दिवा मालवते. रविवारी माझी मैत्रीण दोन्ही कागद घेऊन ताईंकडे जाईल आणि त्या निवडतील तेच आम्ही चित्रित करू. गेल्या वर्षीच्या दिग्दर्शकाला तो शॉट काढून टाकण्याविषयीचे पत्र आज पाठवले आहे.