मदत हवी आहे: जुन्या डिझेल सेडानच्या जागी कोणती सेडान घ्यावी? (महामार्ग बराच, पण यापुढे शहरातला वापरही)

नमस्कार.

माझी डिझेल सेडान तीन लाख किलोमीटरांच्या पुढे गेली आहे आणि आता तिच्या जागी दुसरी, शक्यतो डिझेलवरचीच सेडान घ्यायची आहे. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण इंधनाच्या उच्च दाबाच्या पंपात झीज सुरू झाली आहे. मेकॅनिकने डिझेल फिल्टर उघडून त्यात साचलेले धातूचे बारीक कण मला दाखवले. कॉमन रेल इंजिनात (ज्यात डिझेल फवारणाऱ्या सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, इंधन मिळते) हा पंप झिजू लागला, की ते कण रेल आणि इंजेक्टरमध्ये शिरतात आणि परतीच्या पाइपातून टाकीपर्यंत जातात, त्यामुळे नुसता पंप बदलून भागत नाही. संपूर्ण इंधनयंत्रणा बदलण्याचा खर्च या वयाच्या गाडीवर करणे मला योग्य वाटत नाही.

वापराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझा प्रश्न तेथूनच निर्माण झाला आहे. मी कारखान्यांतील औद्योगिक वजनकाटे तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करते. गाडी वर्षाला साधारण तीस हजार किलोमीटर धावते आणि आतापर्यंत यातले जवळजवळ सगळे अंतर महामार्गावरचे होते. आता कामाची विभागणी बदलली आहे. आठवड्याचा मोठा भाग शहरातल्या शहरात, थोडे अंतर जाऊन थांबत, इंजिन पुरते तापायच्या आत बंद करत जाईल आणि लांबचा पल्ला आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळीच घडेल. सध्याच्या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, नाही. त्यामुळे तिला हा बदल फारसा जाणवणार नाही, परंतु नव्या गाडीला तो नक्कीच जाणवेल.

एसयूव्ही का नको, हे आधीच सांगते. डिकीत प्रमाणित वजने असतात आणि ती लहान असली तरी लोखंडाची आहेत. जोरात ब्रेक लागल्यावर ती प्रवाशांकडे येऊ नयेत, यासाठी मागच्या सीटमागे पक्का पत्रा असलेली, केबिनपासून पूर्ण वेगळी डिकी मला हवी आहे. शिवाय एवढे वजन जमिनीलगत राहिले, की वळणावर गाडी स्थिर राहते. दुसरे कारण हवेच्या रोधाचे आहे. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० किलोमीटरऐवजी १२० ने गेल्यास तो सुमारे १.८ पट होतो. अशा वेळी कमी उंचीच्या आणि निमुळत्या सेडानचा फायदा थेट ॲव्हरेजमध्ये दिसतो.

आता मुख्य अडचण. डीपीएफमध्ये काजळी साचत जाते आणि ठरावीक प्रमाणाबाहेर गेली, की गाडीचा संगणक इंधनाची जादा फवारणी करून फिल्टरचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो आणि ती जाळून टाकतो. या रीजनरेशनला सलग दहा ते वीस मिनिटे इंजिन गरम आणि चालू असावे लागते. मध्येच गाडी बंद केली, तर ते अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा सुरुवातीपासून करावे लागते. असे वारंवार झाले, की जळून न गेलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते, डिपस्टिकवर ऑइलची पातळी खुणेच्या वर चढू लागते आणि ऑइल पातळ होऊन टर्बोच्या बेअरिंगपर्यंत सगळ्यांना त्रास होतो. बरेच लोक डीपीएफ तुंबण्याची काळजी करतात. मला त्याहून अधिक काळजी या पातळ झालेल्या ऑइलची वाटते, कारण तुंबलेला फिल्टर दिवा लावून सावध करतो, तर ऑइलकडे आपण स्वतः पाहावे लागते.

काही ओळखीच्या लोकांनी डीपीएफ कापून काढण्याचा सल्ला दिला आहे. तो मी स्वीकारणार नाही. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे, हे तर खरेच, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे आणि माझ्या गाडीमागे चालणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात तो धूर जावा, हे मला मान्य नाही. कृपया या धाग्यात तो मार्ग सुचवू नये.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांबाबतही माझा विचार बऱ्यापैकी पक्का झाला आहे. युरोपच्या प्रदूषण मानकांपैकी युरो ५ मध्ये डिझेल कारच्या धुरातील या घातक वायूंची मर्यादा किलोमीटरला १८० मिलिग्रॅम होती, युरो ६ मध्ये ती ८० झाली. मात्र चाचणी चालू असतानाच धूर कमी करणारे सॉफ्टवेअर गाड्यांत बसवल्याचे फोक्सवॅगनचे प्रकरण २०१५ मध्ये उघडकीस आल्यावर प्रयोगशाळेतील आकडे आणि रस्त्यावरचे आकडे यांत किती तफावत असू शकते, हे सर्वांना कळले. प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी नव्या मॉडेलांना सप्टेंबर २०१७ पासून बंधनकारक झाली. म्हणून वापरलेली गाडी घेतली तरी ती या चाचणीतून गेलेलीच घ्यावी, असे मी ठरवले आहे. अशा गाडीत ॲडब्लूची, म्हणजे हे ऑक्साइड कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये फवारल्या जाणाऱ्या द्रावणाची, टाकी असणार हे ओघानेच आले. ३२.५ टक्के युरियाचे हे द्रावण उणे ११ अंशांना गोठते, फवारणीच्या नोझलवर त्याचे स्फटिक जमतात आणि टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरूच होत नाही. हे सगळे सांभाळण्याची माझी तयारी आहे. शहरातल्या थंड एक्झॉस्टमध्ये ही यंत्रणा किती काळ टिकते, एवढेच मला अनुभवी लोकांकडून जाणून घ्यायचे आहे.

आतापर्यंत तीन गाड्यांवर विचार थांबला आहे. पहिली फोक्सवॅगन पसाट, आठव्या पिढीची, दोन लिटर टीडीआय. तिची डिकी ५८६ लिटरची आणि केबिनपासून वेगळी आहे. तिसऱ्या पिढीच्या स्कोडा सुपर्बची जागा याहून मोठी, ६२५ लिटर आहे, पण तिचे मागचे दार काचेसकट उघडते आणि मला हवा असलेला पक्का पत्रा तिच्यात नाही, म्हणून मनात असूनही ती यादीतून काढली. पसाटमधील २०१९ नंतरच्या इंजिनात ॲडब्लूची फवारणी दोन ठिकाणी होते. ऑक्साइडांचे विघटन घडवणारा एक कॅटॅलिस्ट इंजिनालगत, तर दुसरा गाडीच्या तळाशी असतो. इंजिनालगतचा कॅटॅलिस्ट लवकर तापत असल्यामुळे शहरात तो उपयोगी पडावा, असा माझा तर्क आहे. तो अनुभवाशी जुळतो का, हे कृपया सांगावे.

दुसरी मर्सिडीज सी २२० डी, २०१८ मधील बदलानंतरची, म्हणजे ओएम ६५४ इंजिन असलेली. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि पिस्टन पोलादी आहेत, तसेच काजळी व नायट्रोजन ऑक्साइडांवरची बरीचशी यंत्रणा इंजिनाला चिकटूनच बसवलेली आहे. कागदावर मला ही मांडणी सर्वांत पटते. तिसरी बीएमडब्ल्यू ३२० डी, २०१९ पासूनच्या पिढीची. चालवायला ती मला सर्वांत आवडली, स्टीअरिंग अगदी नेमके आहे, पण इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारी तिची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. उद्या चेनचे काम निघालेच, तर इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल, हा विचार मनातून जात नाही. पसाटला चेनऐवजी बेल्ट आहे, तो ठरलेल्या वेळी बदलला की विषय संपतो, आणि मला हे अधिक बरे वाटते. ताकदीची तक्रार तिन्हींत नाही. सी २२० डी आणि ३२० डी दोन्हींचा टॉर्क ४०० न्यूटन मीटर आहे, जो माझ्या भारासाठी पुरेसा आहे.

पेट्रोल हायब्रिडचाही मी प्रामाणिकपणे विचार केला. टोयोटा कॅमरीसारख्या गाडीत डीपीएफ नाही, ॲडब्लू नाही, आणि शहरात ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जमा होते. महामार्गावर एकाच वेगाने जाताना मात्र परत मिळवण्यासारखी ऊर्जा फारशी नसते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त ऊर्जा असते, त्यामुळे लांबच्या पल्ल्याला डिझेलचे पारडे जड राहते. ज्यांनी डिझेल सेडान विकून हायब्रिड सेडान घेतली आणि दोन्ही गाड्या भार घालून महामार्गावर चालवल्या, त्यांचा अनुभव मला विशेष मोलाचा वाटेल.

गाडी वापरलेलीच घेणार असल्यामुळे तपासणीबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करून पाहणे, बंद करताना ड्युअल मास फ्लायव्हीलचा (इंजिनाचे धक्के शोषणाऱ्या दोन भागांच्या जड चाकाचा) खडखडाट येतो का ते ऐकणे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल बदलल्याची नोंद मागणे, हे मी करणार आहेच. त्याशिवाय डायग्नोस्टिक यंत्र लावून फिल्टरमधील काजळी आणि राख यांचे आकडे, मागच्या रीजनरेशननंतर झालेले अंतर आणि प्रत्येक इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू (त्याच्या फवारणीत संगणक किती कमी-जास्त करतो तो आकडा) पाहायची आहे. काजळी जळते, परंतु ऑइलमधल्या रसायनांपासून तयार होणारी राख जळत नाही, ती कायमची साचत जाते. म्हणून कमी राखेचे, कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे ऑइल आधीच्या मालकाने वापरले होते का, हे राखेच्या आकड्यावरून कळावे, असे मला वाटते. दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत किती राख रास्त समजावी? आणि जुना फिल्टर काढून नवा बसवल्यावर यंत्रातला आकडा शून्य केला जातो, तर नवा न बसवताच तो शून्य केलेला आहे, हे ओळखायचे कसे?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटी विचारते. ज्यांचा वापर माझ्यासारखा मिश्र आहे, त्यांना आठवड्यातून एकदा तासाभराचा सलग महामार्ग डीपीएफसाठी पुरतो का? रीजनरेशन चालू असताना काही गाड्यांत आयडलिंगचा वेग किंचित वाढतो, तात्कालिक ॲव्हरेज घसरते आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. ही लक्षणे पाहून तुम्ही आणखी थोडे फेरफटके मारून ते पूर्ण होऊ देता का, की दुर्लक्ष करूनही काही बिघडलेले नाही? उत्तर देताना गाडीचे मॉडेल, वर्ष, झालेले किलोमीटर, शहर आणि महामार्ग यांचे अंदाजे प्रमाण आणि ऑइल किती अंतराने बदलता, एवढे कृपया लिहावे. माझ्या यादीबाहेरची, वेगळ्या डिकीची एखादी डिझेल सेडान सुचवायची असल्यास तिचाही मी आनंदाने विचार करेन.