मदत हवी आहे : न्यूयॉर्कमधील निकोला टेस्ला यांची स्मारके

विद्युत क्षेत्रातील संशोधक निकोला टेस्ला यांच्या न्यूयॉर्कमधील खुणा पायी फिरून पाहण्याचा विचार असून, तिथे राहणाऱ्या किंवा जाऊन आलेल्या सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे. ज्या न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत जानेवारी १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले तिथला फलक आणि ब्रायंट पार्कजवळच्या कोपऱ्यावरील त्यांच्या नावाची पाटी पाहायची आहेच. पण १८९५ च्या आगीत साऊथ फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील त्यांच्या ज्या प्रयोगशाळेची राख झाली, त्या जागी आज काही खूण आहे का? खरे तर पहिले स्मारक तिथेच हवे. लाँग आयलंडवर शोरहॅम येथे, १९१७ मध्ये पाडलेल्या त्यांच्या बिनतारी प्रक्षेपण मनोऱ्याच्या आवारात, सर्बियाने भेट दिलेला त्यांचा पुतळा आहे. तो पाहण्यास आगाऊ परवानगी लागते का आणि स्वतःची गाडी नसताना तिथे कसे पोहोचावे, हेही कृपया कळवावे.