फ्लॅट दुरुस्तीच्या कामांसाठी थर्ड पार्टी विमा कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात जुन्या फ्लॅटच्या नूतनीकरणाची कामं घेतो. बाथरूम तोडून नवीन करणं, वॉटरप्रूफिंग, किचन ओटा, टाइल्स. आता एका सोसायटीने एनओसी देण्याआधी विम्याची प्रत मागितली आहे, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. वर ब्रेकर चालला की खालच्या घरात स्लॅबचं प्लास्टर सुटतं, जुनी जीआयची (लोखंडी) पाण्याची लाइन फुटते, आणि भरपाई कुणी द्यायची यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं बोलणं बंद होतं.

मजुरांसाठी कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी आहे. पण ती आपल्या माणसांपुरती. खालच्यांच्या पीओपीला तिचा काही उपयोग नाही. एका एजंटाने १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याची पॉलिसी गळ्यात मारायचा प्रयत्न केला. तो कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे, आपला काय संबंध? दुसऱ्याने कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, म्हणजे बांधकामाच्या कामासाठीची पॉलिसी सांगितली. तिच्या दुसऱ्या भागात थर्ड पार्टीचं नुकसान येतं, पण ती सहसा एकेका कामापुरती घेतात. माझी कामं दोन-तीन लाखांची, पंधरा-वीस दिवसांत संपणारी.

वर्षभराची एकच पॉलिसी कुणी घेतली आहे का? हप्ता साधारण किती बसला? आणि मुख्य म्हणजे, काम संपल्यावर चार महिन्यांनी खाली गळती निघाली तर क्लेम मिळतो का? ज्यांनी प्रत्यक्ष क्लेम केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सोसायटीची मीटिंग येत्या रविवारी आहे.