अस्तर ३ मिमी म्हणजे सुटका?

पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, पण सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर ३ मिमी आलं, म्हणजे कॅन्सरचा विषय संपला, असं या चर्चेत दोघींनी लिहिलंय. बऱ्याच अंशी बरोबर आहे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं आणि योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिमी किंवा कमी असलं, तर गर्भाशयाच्या कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहूनही कमी राहते. पण हे पहिल्यांदा रक्त गेलं तेव्हापुरतं. पुन्हा गेलं, तर अस्तर कितीही पातळ असो, तपासणी पुढे न्यावीच लागते. काही कॅन्सर पातळ अस्तरातही असतात.

माझ्या सासूबाईंचं असंच झालं. वय ६३. आधी महिनाभर 'उष्णता झाली असेल' म्हणून डाग पडलेले परकर स्वतःच गुपचूप धुवत होत्या (विचारलं असतं तरी सांगितलं नसतं). मग पॅप स्मिअर नॉर्मल, अस्तर ३ मिमी, सगळे निर्धास्त. दोन महिन्यांनी परत डाग. तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीने आत बघितलं, तर छोटा पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसल कोंब) निघाला. तो काढून अस्तराच्या तुकड्यासोबत बायोप्सीला पाठवला. नशिबाने साधा होता. पॅप स्मिअर मुख्यतः गर्भाशयाच्या मुखासाठी असतो, आतल्या अस्तराचं त्यावरून ठरवता येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. आणि हो, स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते आधीच सांगा. त्या गोळीने अस्तर तसंही जाड दिसतं, शिवाय धोकाही वाढतो, त्यामुळे ४ मिमीचा हिशोब तिथे लागू पडत नाही.