प्रति: क्यूआर लावला की काम झालं?

वर कुणीतरी म्हटलंय की संस्थेनं क्यूआर कोड छापला की देणग्या आपोआप येतात. येतात, खरंय. पण पावतीचं काय?

आमच्या गावच्या वाचनालयाचा हिशेब मी बघतो. गणपतीत मांडवाबाहेर क्यूआर चिकटवला. बँकेच्या स्टेटमेंटवर ओळी उमटल्या: ५०१ रुपये, १२ आकडी संदर्भ क्रमांक आणि अर्धवट कापलेलं नाव. मार्च संपताच एकेक जण ८०जीची (प्राप्तिकरात देणगीची वजावट मिळवायची) पावती मागायला लागला. २०२१-२२ पासून नुसती पावती फाडून भागत नाही. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरा, मग प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवरून देणगीदारासाठी १०बीई प्रमाणपत्र निघतं. यूपीआयवरून पॅन कुठला येणार! दोन रविवार फोन लावण्यात गेले. आता क्यूआरखालीच गूगल फॉर्मची लिंक असते. (नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही म्हटल्यावर बरेच जण गप्प झाले, तो भाग वेगळा.)

परदेशातल्या मंडळींचं म्हणाल, तर भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयनं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं, की ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असो नाहीतर माणूस आपल्याच आळीतला असो, एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचा कायदा, लागू. त्याखाली संस्थेची नोंदणी हवी, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. आमची नोंदणी नाही. अमेरिकन नागरिक झालेल्या पुतण्याला 'थांब, पाठवू नकोस' म्हटलं, तर तो चक्क रुसला.